घरपोच मालाची मजुरी : हमालाला संरक्षण, मग डिलिव्हरीच्या पोराला का नाही?

सांगलीच्या विश्रामबागेत असो वा साताऱ्याच्या राजवाड्यापाशी, पाठीवर मोठी पिशवी लावून मोटारसायकलीवर धावणारी मुले आता रोज दिसतात. कंपन्या त्यांना नोकर म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. भागीदारी म्हणजे काय, हे आपण व्यापारी चांगले जाणतो. भागीदाराला नफ्यात हिस्सा असतो, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क असतो आणि दर ठरवताना त्याला विचारले जाते. या मुलांना यांपैकी काय मिळते?

विट्याच्या यंत्रमागावरील कामगारालाही विणलेल्या कापडावर मजुरी मिळते. माग बंद तर मजुरी बंद. पण तेथे माग मालकाचा, वीज मालकाची. डिलिव्हरीच्या मुलाचा 'माग' म्हणजे त्याची गाडी, आणि ती त्याच्याच पदरची. उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, दिवसभरात 20 फेऱ्या झाल्या आणि फेरीला 30 रुपये मिळाले, तर जमा 600. शंभर किलोमीटरचे पेट्रोल सुमारे 230, गाडीचा हप्ता रोजचा 100, टायर-ऑइलची झीज 50. हाती उरले 220 रुपये. ज्या धंद्यात घसारा मजुराच्या खिशातून जातो, तो धंदा टिकाऊ म्हणता येत नाही. गाडी घसरून पाय मोडला, तर दवाखान्याचा खर्चही त्याचाच आणि त्या दिवसांची कमाईही बुडालेली.

कंपन्या म्हणतात, हा मुलगा आज आमचे काम करतो, उद्या दुसऱ्याचे. मग जबाबदारी कोणाची? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातील हमाल सकाळी एका पेढीची हळद उचलतो, तर दुपारी दुसऱ्या पेढीचा बेदाणा. अशाच कष्टकऱ्यांसाठी 1969 साली राज्याने माथाडी कायदा केला. त्यामागील चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटील हे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. या कायद्याने सरकार, व्यापारी आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. हमाल व व्यापारी दोघांचीही नोंदणी होते. मजुरी मंडळात जमा होते आणि व्यापारी त्यावर लेव्ही भरतो. त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा व औषधोपचाराची सोय होते. मालक अनेक असले तरी जबाबदारी वाटून घेता येते, हे या कायद्याने दाखवून दिले. ही लेव्ही आम्हा व्यापाऱ्यांना जड वाटली, हेही कबूल केले पाहिजे. पण त्यामुळे बाजार बंद पडले नाहीत.

केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेने (2020) डिलिव्हरी कामगाराला प्रथमच कायद्यात नाव दिले. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून ती अधिक नसावी, अशी तरतूद आहे. ही सुरुवात चांगली आहे. परंतु फेरीला किमान दर किती असावा, हे तिने ठरवून दिलेले नाही. माथाडी मंडळ मजुरीच्या व्यवहारातच हात घालते. खरा फरक येथे आहे.

आपल्यापैकी अनेक दुकानदार आता स्वतःही घरपोच माल पाठवतात. त्यांनी किलोमीटरचा दर आधी ठरवावा आणि गिऱ्हाइकाच्या दारात थांबावे लागल्यास त्याचेही पैसे द्यावेत. मुलाची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो. बँकेत खाते असलेल्या 18 ते 70 वयाच्या कोणालाही तो घेता येतो. हे 20 रुपये दुकानाने भरले तर काही बिघडत नाही.

'डिलिव्हरी फुकट' अशी पाटी लावण्यापूर्वी विचार करावा. फुकट काहीच नसते. गिऱ्हाईक देत नसेल आणि दुकानदारही देत नसेल, तर ते पैसे त्या पोराच्या मजुरीतून जातात. असा नफा वहीत दिसेल, पण त्याला बरकत येणार नाही.