खारपाणपट्ट्यातले शेततळे आणि गोड्या पाण्यातले मासे



आपल्या मनावरात खाऱ्या पाण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. मान नदी जवळ, नर्मदामाईही फार लांब नाही. पण आपल्यापैकी अनेकांचे सोयरे वऱ्हाडात आहेत. तिथे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरी-बोअरचे पाणी खारट.

दर्यापूर तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली. पावसाळा, हिवाळा छान गेला. मे महिन्यात मासे उलटे होऊन तरंगू लागले. "पाणी कमी पडू दिलं नाही रे, बोअर चालूच होती," तो म्हणाला. गोम त्या बोअरमध्येच होती.

माशाच्या रक्तात लिटरमागे साधारण ९-१० ग्रॅम मिठाइतके क्षार असतात. गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे बाहेरचे पाणी कल्ल्यांतून आपोआप अंगात शिरते. मासा ते पातळ लघवीवाटे सतत बाहेर टाकतो आणि कल्ल्यांनी क्षार ओढून घेतो. त्याचे सगळे शरीर याच कामासाठी घडलेले आहे. थोडे मीठ त्याला चालते. बोटुकली वाहून नेताना पाण्यात किंचित मीठ घालतात ते म्हणूनच. लिटरला ४-५ ग्रॅमच्या पुढे मात्र रोहू, कटला, मृगळ यांची वाढ मंदावते, आणि ८-१० च्या आसपास मरतूक सुरू होते. बाहेरचा खारटपणा रक्तापेक्षा वाढला की पाणी उलट अंगातून बाहेर जाऊ लागते. मासा पाण्यात राहून सुकतो म्हणा ना!

आता तळ्याचा हिशोब पाहा. अस्तर घातलेल्या तळ्यात २ मीटर पाणी आहे आणि लिटरला ३ ग्रॅम क्षार. उन्हाने पाणी उडते, मीठ उडत नाही. पाणी १ मीटरवर आले की क्षार ६ ग्रॅम. त्याच बोअरने तळे पुन्हा भरले तर ते ३ वर येत नाही, साडेचारवर थांबते. पुन्हा अर्धे आटले की थेट ९! तळे भरलेले दिसते म्हणून आपण निश्चिंत असतो.

त्यामुळे बीज सोडण्याआधी आणि नंतर उन्हाळाभर पाणी तपासावे. तपासणीच्या कागदावर 'विद्युत वाहकता' लिहिलेली असते. डेसिसायमन प्रति मीटरमधल्या त्या आकड्याला ०.६४ ने गुणले की लिटरमागे किती ग्रॅम क्षार याचा अंदाज येतो. म्हणजे ५ असेल तर सुमारे ३ ग्रॅम.

मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे हरियाणात रोहतकजवळ लाहली इथे केंद्र आहे. तिथे अशा खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवण्यावर काम झाले आहे. पण या पाण्यात पोटॅशियम कमी असते, ते वरून द्यावे लागते, आणि खर्चही मोठा. लहान शेतकऱ्याने आधी पावसाचे पाणी साठवावे, हे माझे मत.

मावसभावाने यंदा तळे पावसावरच भरले, बोटुकली जरा मोठी आणली, आणि मासळी फेब्रुवारी-मार्चमध्येच काढायचे ठरवले आहे.