आधी आमिष, मग टूना

पहाटे बोट लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, थांबते तेव्हा टूनाचं कुणी नावही काढत नाही. सगळ्यांचं लक्ष असतं ते बोटभर लांबीच्या माशांवर. पाणचष्मे लावून चौघं पाण्यात उतरतात, प्रवाळाच्या एका ढिगाजवळ बारीक आसाचं चौकोनी जाळं खाली सोडतात आणि हातपाय हलवत माशांचा थवा हळूहळू जाळ्यावर आणतात. वरून कुणी ओरडत नाही. तांडेल नुसता हात वर करतो आणि चारही कोपरे एकदम उचलले जातात.

भरलेलं जाळं बोटीत ओढून घेत नाहीत. त्याचा काठ बोटीला टेकवायचा, मासे पाण्यातच राहू द्यायचे आणि बादलीने पाण्यासकट उचलून टाकीत ओतायचे. मी जरा जवळून बघायला हात पुढे केला, तर एका खलाशाने तो हलकेच बाजूला केला. या माशांना हाताची बोटं लागली तरी खवले सुटतात आणि थोड्याच वेळात मासा उलटा तरंगू लागतो. मेलेलं आमिष इथे कामाचं नाही. बोटीच्या पोटातच टाकी असते आणि तिच्या तळाला थेट समुद्रात उघडणारी भोकं असतात. बुचं काढली की खालून ताजं पाणी आत येत राहतं. बोटीच्या तळाला मुद्दाम भोकं पाडायची, ही कल्पना आपल्याला धास्तीची वाटते, पण त्या भोकांवरच इथला सगळा धंदा चालतो.

हे मिनिकॉय. लक्षद्वीपचं सर्वांत दक्षिणेकडचं बेट, कोचीपासून सुमारे चारशे किलोमीटरवर. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या आतलं, 2011 च्या जनगणनेनुसार वस्ती 10,447. बाकीच्या लक्षद्वीपात मल्याळमच्या वळणाची बोली बोलतात, इथे महल बोलतात. ती मालदीवच्या दिवेहीचीच बहीण. गळाने टूना पकडण्याची ही रीतही दोन्हीकडे एकच. गेल्या शतकात साठच्या दशकापासून मत्स्य खात्याने यांत्रिक बोटी दिल्या आणि मिनिकॉयच्या लोकांकडून बाकीच्या बेटांनी हे काम शिकून घेतलं.

लगून ओलांडून बोट बाहेर पडली की पाण्याचा रंग एकाएकी गडद होतो. मग शोध पक्ष्यांचा. पक्षी जिथे पाण्यावर झेपा घेत असतील तिथे टूनाचा थवा असणार. थवा दिसला की कामं आपोआप वाटली जातात. एक जण टाकीतून आमिष उचलून मुठी-मुठीने पाण्यात भिरकावतो. बोटीच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे सुरू होतात. पूर्वी हे पाणी हाताने शिंपडत, आता पंप आहेत. फवाऱ्याने पाण्याचा पृष्ठभाग असा खळबळतो की खालून वर बघणाऱ्या टूनाला बारीक माशांचा मोठा थवा उधळल्यासारखा वाटतो आणि बोटही दिसेनाशी होते. नाळेवर नव्हे, मागच्या फळीवर सहा-सात जण काठ्या घेऊन उभे राहतात. काठ्या पूर्वी बांबूच्या होत्या, आता फायबरच्या आहेत. दोरी काठीएवढीच, टोकाला चकाकता गळ. गळाला आमिष नाही आणि उलटा काटाही नाही.

टूना त्या चमकेवर झेपावतो, काठी वर जाते, मासा डोक्यावरून मागे येतो. दोरी सैल पडताच गळ आपोआप सुटतो, मासा फळ्यांवर आदळतो आणि काठी पुन्हा पाण्यावर गेलेली असते. मागे वळून कुणी बघत नाही. हा स्किपजॅक जातीचा टूना, आपल्याकडच्या कुप्याच्या कुळातला. दोन-तीन किलोचा मासा असा हवेतून येताना बघितला की मध्ये उभं राहण्याची छाती होत नाही. काही मिनिटांत फळ्या रक्ताने निसरड्या होतात. मग थवा खाली जातो, किंवा टाकीतलं आमिष संपतं, आणि सगळं थांबतं. मी टाकीत डोकावलो. तळाशी थोडे मासे उरले होते. तांडेलाने टाकी बघितली आणि बोट वळवली. समुद्रात टूना होता, बोटीत जागा होती, डिझेल होतं. आमिष नव्हतं.

मला या बेटावर पटलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. इथल्या मासेमारीला मर्यादा घालायला कागदावरचा नियम लागत नाही. लगूनने जेवढं आमिष दिलं तेवढाच टूना. एकेक मासा गळावर येतो, त्यामुळे कासव, डॉल्फिन, मोरी असलं काही सोबत मरत नाही. हिंदी महासागरात मोठमोठी जहाजं पर्ससीन जाळ्यांनी अख्खे थवे उचलतात, त्यात वाढ न झालेला पिवळ्या परांचा टूनाही जातो. त्या जातीची अतिमासेमारी झाल्याचं हिंदी महासागर टूना आयोगाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये नोंदवलं होतं. मिनिकॉयच्या माणसाला पर्यावरणाची धोरणं शिकवायला जाण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं.

दुपारनंतरचं काम किनाऱ्यावर आणि घरामागच्या अंगणात. त्यात बायकांचा वाटा मोठा. टूनाचं डोकं आणि आतडी काढतात, कण्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवून चार लांब तुकडे करतात. ते समुद्राच्या पाण्यात उकळतात, मग नारळाच्या सोडणांच्या आणि लाकडाच्या धुरावर ठेवतात, मग उन्हात. धूर आणि ऊन आळीपाळीने, कित्येक दिवस. जिच्या अंगणात मी बसलो होतो ती बाई तुकडा हातात घेऊन फक्त वजनावरून सांगत होती, अजून एक ऊन पाहिजे. शेवटी जे उरतं ते मासमीन, सुंठीसारखं कडक आणि काळपट. साधारण पाच किलो मासळीतून एक किलो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर लाकडाचा आवाज येतो, आणि तो आला की माल तयार. उकळलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत. ते आटवून आटवून दाट, तपकिरी चटणीसारखं करतात आणि भाताशी खातात. श्रीलंकेत या वाळवलेल्या टूनाशिवाय कालवण पुरं होत नाही, त्यामुळे तिकडे त्याला पिढ्यान्पिढ्यांची गिऱ्हाइकी आहे.

मासमीनला बर्फ लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. बेटावरची बहुतेक वीज डिझेल जाळून होते आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. बर्फाचा कारखाना, शीतगृह, गोठवलेल्या मालाची जहाजं, या प्रत्येकाचा खर्च शेवटी त्या डिझेलवर येऊन पडतो. बेटावर जे आहे, म्हणजे ऊन, सोडणं आणि समुद्राचं पाणी, त्यातच महिनोन्महिने टिकणारा माल तयार होतो. सरकारने इथे मदत करायची तर ती या टप्प्यावर करावी. उघड्यावर वाळवताना धूळ बसते, माशा बसतात, अवकाळी पाऊस आला तर माल बुरसटतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने सौरशक्तीवर चालणारी वाळवणी यंत्रं तयार केली आहेत. ती अंगणाअंगणात पोचली, स्वच्छ मालाला वेगळा भाव मिळाला आणि तो भाव त्या बाईच्या हातात पडला, तर त्याला हरित धोरण म्हणता येईल.

पाण्याचंही तसंच. प्रवाळबेटाच्या वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तो उपसला की खालचं खारं वर येतं. राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने 2011 मध्ये मिनिकॉयला दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होतं आणि खोलवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी होते. रसायनं लागत नाहीत. दहा हजार माणसांत वाटलं तर माणशी दहा लिटर. पिण्या-रांधण्यापुरतं ते पुरतं, पण त्यात आणखी वाटेकरी आले तर काय, याचा हिशेब कुणालाही मांडता येईल.

वाटेकरी येणार आहेत. मिनिकॉय, कडमत आणि सुहेली या ठिकाणी लगूनच्या पाण्यावर आणि किनाऱ्यावर पर्यटकांसाठी व्हिला बांधायच्या जागतिक निविदा 2021 मध्ये निघाल्या. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले आणि मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांकडेही चौकशी वाढली. पर्यटनाला बेटावर सरसकट विरोध आहे असं मला दिसलं नाही. व्यापारी जहाजांवर उभी हयात काढलेले, मुंबईच्या गोदीतलं हिंदी बोलणारे एक निवृत्त खलाशी मला म्हणाले, "पाहुणे येऊ देत की. पण जिथे आमचं आमिष राहतं तिथे खांब रोवू नका." मी विचारलं, "चाचा, हे कुणाला सांगितलंत का?" ते म्हणाले, "विचारायला येतील त्यांना सांगू."

लगूनची तब्येत आधीच बरी नाही. समुद्र तापल्यामुळे 1998, 2010 आणि 2016 मध्ये इथलं प्रवाळ पांढरं पडलं, 2024 मध्ये पुन्हा तेच झालं. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथे शास्त्रज्ञांनी 24 वर्षं ठेवलेल्या नोंदींत जिवंत प्रवाळाचं आच्छादन 37 टक्क्यांवरून 19 टक्क्यांच्या आसपास आलं आहे. आमिषाच्या कित्येक जाती याच प्रवाळाच्या आडोशाने राहतात. बोटी मोठ्या झाल्या, त्यांच्या टाक्याही मोठ्या झाल्या, तेव्हा आमिषावरचा ताण खुद्द मच्छीमारांकडूनही वाढतो आहे, आणि ते हे मान्य करतात. मिनिकॉयची गावं आपल्या मुखियांच्या शब्दाने चालत आली आहेत, बायकांच्या मुखिया वेगळ्या असतात. कुठे जाळं टाकायचं आणि कुठे काही काळ टाकायचं नाही, हे अशा गावबैठकीत ठरलं तर पाळलं जाईल. राजधानी कवरत्तीहून नुसता आदेश आला तर ते कठीण आहे.

हे मी कोकणचा माणूस म्हणून लिहितो. आपल्याकडे पर्ससीनवर निर्बंध घालणारा सरकारी आदेश 2016 च्या फेब्रुवारीत निघाला. तोवर रापणकर आणि छोटे गिलनेटवाले वर्षानुवर्षं ओरडत होते. आदेशानंतरही मालवण-देवगडच्या समुद्रात संघर्ष थांबला नाही. मासळी गेल्यावर काढलेला नियम काय कामाचा, हे आपण भोगलं आहे. मिनिकॉयला मासळी अजून आहे, ती पकडायची शहाणी रीत आहे आणि ती जाणणारी तरुण मुलंही बोटीवर आहेत.

कायद्याची चौकटही आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीच्या शिफारशींनंतर लक्षद्वीपच्या बेटांसाठी एकात्मिक व्यवस्थापन आराखडे झाले आणि बांधकामं त्यांच्या कक्षेत राहणं अपेक्षित आहे. माझं मागणं त्यात एका कलमाची भर घालण्याचं आहे. लगूनमध्ये काहीही उभारण्याआधी आमिषाच्या माशांच्या जागा मच्छीमारांकडून नकाशावर उतरवून घ्याव्यात आणि त्या जागा मोकळ्या ठेवाव्यात. याला मोठा खर्च नाही. त्या जागा बोटीवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत.

आणि तुम्ही लक्षद्वीपला निघाला असाल तर लगूनवर खांब रोवून बांधलेल्या खोलीपेक्षा गावातल्या घरी उतरण्याची सोय आहे का ते आधी विचारा, प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि परत येताना एखाद्या अंगणातून मासमीन विकत घ्या, भाव न पाडता.