सशाने काय खाल्ले?

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आहे आणि त्यामुळे थोडा घोटाळा होतो. आपल्या बडोद्याच्या आसपास शेताच्या बांधावरून तिन्हीसांजेला उड्या मारत जाणारा तपकिरी, लांब पायांचा ससा वेगळा आणि पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा, लाल डोळ्यांचा ससा वेगळा. पहिला बीळ करत नाही. गवतात अंगापुरती खोलगट जागा करून बसतो आणि त्याची पिल्ले डोळे उघडे व अंगावर लव घेऊनच जन्माला येतात. दुसऱ्याचे पूर्वज मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीत बिळे करतात आणि त्यांची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात. इंग्रजीत पहिल्याला ‘हेअर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘रॅबिट’. आज बोलायचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या सशाच्या रानात राहणाऱ्या भावंडांविषयी. ती भावंडे युरोपात आहेत आणि १८५९ नंतर ऑस्ट्रेलियातही अफाट वाढली आहेत.

आठवीच्या वर्गात अन्नसाखळी शिकवताना ‘गवत, ससा, कोल्हा’ असे तीन शब्द आपण बाणांनी जोडतो आणि पुढे जातो. पण त्या बाणातून नेमके काय जाते? सशाने खाल्लेल्या पाल्यातले काय त्याच्या मांसात उतरते आणि काय वाटेतच संपते? आपल्या वार्तापत्रात मांसाचा विषय पाहून काही घरांत भुवया उंचावतील, हे ठाऊक आहे. त्यांनी पान उलटू नये. हाच प्रश्न पुढे तुपाच्या बरणीपर्यंत येणार आहे.

आधी गाय पाहू. गाय गवत गिळते, ते पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जाते आणि तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव त्याच्यावर काम करतात. गवताच्या पानात स्निग्धांश थोडाच असतो, पण जो असतो त्यात लिनोलेनिक नावाच्या पातळ मेदाम्लाचा वाटा मोठा असतो. आपल्या जवसाच्या चटणीत असते तेच हे मेदाम्ल. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव त्याला हायड्रोजन जोडून त्याचा बराचसा भाग घट्ट मेदात बदलून टाकतात. हा बदल आतड्यात शोषण होण्यापूर्वीच होतो. म्हणून गाय कितीही हिरवे खाओ, तिची चरबी घट्टच राहते.

सशाची रचना उलटी आहे. त्याचे पोट आपल्यासारखे एका कप्प्याचे. सूक्ष्मजीवांचा मोठा कारखाना त्यालाही आहे, पण तो मागच्या बाजूला आहे. लहान आतडे संपून मोठे सुरू होते तिथे एक फुगीर, एका टोकाला बंद पिशवी असते. तिला सीकम म्हणतात. पाला तिथे पोहोचेपर्यंत त्यातला बहुतेक स्निग्धांश लहान आतड्यात शोषला गेलेला असतो, म्हणजे सूक्ष्मजीवांचा हात लागण्याआधीच. त्यामुळे पानातले मेदाम्ल जवळजवळ जसेच्या तसे सशाच्या अंगात जाऊन बसते. नुसता मका खाणाऱ्या सशाच्या मेदात एक प्रकार वाढतो, हिरवा पाला खाणाऱ्याच्या मेदात दुसरा. पाळीव सशांच्या खाद्यात जवस मिसळून पाहिले, तर त्यांच्या मांसात लिनोलेनिक आम्ल वाढलेले आढळते. सशाची चरबी हाताला मऊ लागते आणि लवकर खवट होते, याचेही कारण हेच.

सीकममधल्या कारखान्याचा माल मात्र ससा वाया जाऊ देत नाही. तिथून मऊ, चकचकीत गोळ्यांचे घोस बाहेर पडतात आणि ससा ते थेट तोंडाने उचलून पुन्हा गिळतो. मुलांना हे किळसवाणे वाटते, पण त्यातून त्याला ब-गटातली जीवनसत्त्वे आणि सूक्ष्मजीवांनी बनवलेली प्रथिने मिळतात. गाय रवंथ करून जे साधते, तेच ससा या मार्गाने साधतो.

आता चवीकडे येऊ. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागात कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर थाईम आणि रोजमेरी ही सुवासिक झुडपे माजलेली असतात. तिथला रानससा मसाला आतूनच लावून येतो, असे तिथले स्वयंपाकी सांगतात. थाईमला जो वास आहे तो मुख्यतः थायमॉलचा आणि आपल्या ओव्याचा वासही थायमॉलचाच! असे वासाचे पदार्थ स्निग्धांशात विरघळतात, म्हणून ते चरबीत साठू शकतात. तरी माझ्या मते स्वयंपाक्यांच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती असावी. रानसशाच्या अंगावर चरबीच इतकी कमी असते की वास साठायला फारशी जागा नसते. रानातल्या आणि पिंजऱ्यातल्या सशाच्या मांसात जो फरक जाणवतो, त्यातला काही भाग खाण्याचा आहे आणि काही पळण्याचा. ज्या स्नायूला सतत काम, तो गडद आणि चिवट होतो.

चरबी कमी असण्याची गोष्ट वाटते तितकी साधी नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलांत हिवाळ्यात पांढरा होणारा एक ससा आहे. तो आपल्याकडच्या सशासारखा ‘हेअर’ जातीचा. बर्फ पडले की त्याला गवत मिळत नाही. तो झुडपांच्या काड्या आणि साल कुरतडून दिवस काढतो. असल्या खाण्यावर अंगात चरबी कुठून साठणार? त्या भागात दुसरी शिकार मिळेनाशी झाली आणि माणसे फक्त अशा सशांवर राहिली, की विचित्र प्रकार घडे. पोट भरेपर्यंत खाऊनही भूक शमत नसे, डोके दुखे, जुलाब लागत, अंगातले त्राण जाई. याला ‘रॅबिट स्टार्व्हेशन’ म्हणजे ससे खाऊन होणारी उपासमार असे नाव पडले. उत्तर ध्रुवाकडचे प्रवासी विल्यमुर स्टेफानसन यांनी तिच्याविषयी लिहून ठेवले. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी केवळ मांसाहारावर राहण्याचा प्रयोग केला. त्यात सुरुवातीला चरबी काढलेले मांस दिले, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले; चरबी मिळू लागताच ते सावरले.

कारण आपल्या यकृतात आहे. प्रथिनांपासून ऊर्जा काढायची तर त्यातला नायट्रोजन युरिया बनवून बाहेर टाकावा लागतो आणि यकृताची ही ताकद मर्यादित आहे. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त ऊर्जा नुसत्या प्रथिनांतून फार काळ घेता येत नाही. बाकीची स्निग्ध किंवा पिष्टमय पदार्थांतून यावी लागते. सशासोबत भाकरी असती, तर हा आजार कोणाला झालाच नसता.

याहून गंभीर गोष्ट विषाची. युरोपात बेलाडोना नावाची एक विषारी वनस्पती उगवते. तिच्यातले ॲट्रोपीन डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला थेंबांतून वापरतात. आपल्या धोतऱ्यातही याच कुळातली विषे असतात. पण काही सशांच्या रक्तात ॲट्रोपीनचे तुकडे करणारे एक विकर अनुवंशाने आलेले असते. असे ससे बेलाडोनाची पाने खाऊनही हुंदडत राहतात. मग ते विष अंगात असतानाच ससा माणसाच्या ताटात आला तर? अशा सशाचे मांस खाऊन माणसांना विषबाधा झाल्याच्या नोंदी विषशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत आहेत. खाणारा ससा धडधाकट होता, यावरून त्याचे मांस निर्धोक ठरत नाही.

ऑस्ट्रेलियात हाच धागा निराळ्या रीतीने दिसतो. तिथे सशांनी शेती आणि कुरणे फस्त केल्यामुळे ‘टेन-एटी’ नावाचे विष गाजरात किंवा ओटमध्ये घालून त्यांना चारले जाते. विष खाऊन मेलेला ससा एखाद्या कुत्र्याने खाल्ला तर कुत्राही मरतो. नवल असे की याच विषाचा रेणू पश्चिम ऑस्ट्रेलियातील काही झुडपांत निसर्गतः असतो आणि ती झुडपे पिढ्यान्‌पिढ्या खात आलेल्या तिथल्या मूळच्या प्राण्यांना ते बरेच सोसते. बाहेरून आलेल्या कुत्र्याला आणि कोल्ह्याला सोसत नाही.

भारताला हा धडा गिधाडांनी शिकवला. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसात शिल्लक राही. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर बहुतेक गिधाडे गेली होती.

तुपाचे राहिले. गाईम्हशींचे पोट सगळे बदलून टाकते असे वर म्हटले, पण अगदी सगळे नाही. कापसाच्या पट्ट्यात गुरांना सरकी भरपूर घालतात आणि तिथले तूप अधिक घट्ट व रवाळ होते. ते तपासणीत इतर तुपापेक्षा वेगळे दिसे आणि चोख असूनही भेसळीचे ठरण्याची भीती असे. म्हणून अन्नभेसळीच्या जुन्या नियमांत गुजरात आणि महाराष्ट्रातल्या कापूस-पट्ट्यांच्या तुपासाठी निराळी मर्यादा ठरवून दिलेली होती. म्हैस काय खाते, याची दखल कायद्याला घ्यावी लागली ती अशी.

आपल्याकडच्या रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याची शिकार हा गुन्हा आहे, मग त्याने काहीही खाल्लेले असो. पांढरे ससे मात्र आपल्या काही विद्यार्थ्यांच्या घरी आहेत. त्यांना मुख्य खाद्य म्हणून सुके गवत द्यावे. गाजर गोड असते, ते थोडेच. पिंजऱ्यात मऊ गोळ्यांचा घोस दिसला तर लगेच घाबरू नये. आणि कुंपणाकडचा पाला तोडून घालताना धोतरा आणि कण्हेर नीट ओळखून बाजूला ठेवावीत. विष पचवणारे ते विकर प्रत्येक सशात नसते आणि आपल्या सशात आहे की नाही, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.