पटावरचे प्रत्येक नाव

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक ओळ ठरलेली असते : ‘यंदाही कोकण विभाग अव्वल.’ रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या स्वतंत्र मंडळाची पहिली परीक्षा २०१२ ची. पहिला क्रमांक तेव्हापासूनचा. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणचा ९८.८२. नऊ विभागीय मंडळांत हे सर्वात लहान. राज्यातल्या पंधरा लाख परीक्षार्थींपैकी इथले जेमतेम पंचवीस-तीस हजार.

‘तोंडीचे गुण सढळ हाताने वाटले की निकाल वाढणारच,’ असे म्हणणारे भेटतात. २०१९ मध्ये भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे अंतर्गत गुण बंद होते. राज्याचा निकाल ७७.१० वर घसरला. कोकणही घसरले, पण ८८.३८ वर थांबले. आदल्या वर्षी साडेसहा टक्क्यांचे असलेले अंतर अकरांवर गेले!

मग हे येते कुठून? याच भागातल्या एका लहान माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे गणित शिकवले. दहावीचा वर्ग कधी अठरा मुलांचा, कधी चोवीस. आमच्याकडे कोणतीही जादू नव्हती. वीस उत्तरपत्रिका एका रात्रीत तपासून होतात, इतकेच. सोमवारची चाचणी मंगळवारी मुलाच्या हातात पडे. चूक कशी झाली हे त्याला आठवत असे. साठ-सत्तरांच्या वर्गात पेपर पंधरवड्याने परत येतो. तोवर गुण दिसतात, चूक विसरलेली असते.

शिवाय आठवी ते दहावी शिकवणारा मीच. समीकरण चुकवणाऱ्या मुलाचे घोडे खरे अडते ते वजाबाकीच्या चिन्हापाशी, हे दोन वर्षे आधीपासून ठाऊक असे. लावणीच्या दिवसांत एखादी मुलगी दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या घरी जाई. लहान वर्गात लपायला मागचा बाकच नसतो.

लहान शाळेचे अंकगणित मात्र निष्ठुर असते. बारांत एक नापास झाला की निकाल ९१.६७ वर येतो. म्हणून सर्वात कच्च्या मुलावर सर्वाधिक मेहनत घ्यावी लागते. दुसरी पळवाटही आहे : त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसवायचे. निकाल वाचतो, मूल जाते. तेव्हा ‘शंभर टक्के’ ऐकले की नववीच्या पटावर किती नावे होती, हेही विचारावे.

आज काळजी वेगळीच आहे. कुटुंबे मुंबई-पुण्याकडे जातात, पट घटतो आणि शिक्षकांची पदे पटावरच मंजूर होतात. गणिताचा शिक्षक अतिरिक्त ठरला की विज्ञान, इंग्रजी आणि गणित एकाच्याच माथी येते. मग मुले वीसच असली, तरी रात्रीत तपासायच्या उत्तरपत्रिका साठ होतात. लहानपणाचा सगळा फायदा तिथेच संपतो.

लहान शाळा महाग पडते, हे मान्य. पण निकालाच्या दिवशी तिची पाठ थोपटणाऱ्यांनी जूनमध्ये शाळा उघडताना तिथे प्रत्येक विषयाला शिक्षक आहे की नाही, एवढे तरी पाहायला हवे.