कल्लारची वैद्यीण

केरळमध्ये तिरुअनंतपुरमहून पोनमुडीच्या घाटाकडे जाताना कल्लार लागतं. तिथल्या जंगलात काणी आदिवासींच्या पाड्यावर, झावळ्यांनी शाकारलेल्या झोपडीत लक्ष्मीकुट्टी अम्मा राहतात. लोक त्यांना वनमुत्तश्शी, म्हणजे रानातली आजी म्हणतात. 500 औषधं त्यांना मुखोद्गत आहेत. सर्पदंश आणि विषबाधेवरच्या उपचारांसाठी त्यांचा विशेष लौकिक आहे.

त्यांची आई पाड्यावरची सुईण. झाडपाल्याची ओळख लक्ष्मीकुट्टींना तिच्याकडूनच झाली. पाड्यावरच्या मुली शाळेचं तोंडही पाहत नसत, त्या काळात म्हणजे 1950च्या दशकात, त्यांनी हट्टाने शाळा गाठली, तीही रोज कित्येक मैल चालत. त्या शाळेत आठवीपुढे वर्ग नव्हता, म्हणून शिक्षण तिथेच थांबलं. पुढचं शिकणं रानात झालं. त्या कविता करतात आणि केरळच्या लोककला अकादमीत शिकवतातही. येणाऱ्याला त्या नुसता पाला वाटून देत नाहीत, त्याच्याशी निवांत बोलतात. धीर देणं हा त्यांच्या उपचाराचाच भाग आहे. 1995 साली राज्य सरकारने त्यांना ‘नाट्टुवैद्यरत्न’ हा पुरस्कार दिला आणि 2018 साली त्या पद्मश्री झाल्या.

एवढा मान मिळाला, तरी पाड्यापर्यंतचा रस्ता मात्र 1952 साली मंजूर होऊन कागदावरच राहिला. रानहत्तीच्या हल्ल्यात त्यांचा थोरला मुलगा गेला. रस्ता नसल्याने उपचार वेळेत मिळाले नाहीत, ही सल त्यांनी बोलूनही दाखवली आहे. सर्पदंशावर आज दवाखान्यातलं प्रतिविष हाच भरवशाचा उपाय आहे आणि तिथे पोचायलाही रस्ताच लागतो. म्हणजे रानातलं वैद्यक कितीही थोर असलं, तरी सरकारला आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही.

काणींच्या ज्ञानाला मोल आहे, हे बाहेरच्या जगाला एका वनस्पतीने आधीच पटवलं होतं. 1987 साली अगस्त्यमलैच्या डोंगरात शास्त्रज्ञांचं पथक दमून गेलं होतं. वाटाडे काणी मात्र एक फळ खात ताजेतवाने चालत होते. ते आरोग्यपच्चाचं फळ. त्या वनस्पतीवर संशोधन करून पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेने ‘जीवनी’ हे औषध बनवलं आणि त्याचा परवाना कोइंबतूरच्या एका औषध कंपनीला 10 लाख रुपये आणि 2 टक्के स्वामित्वधन ठरवून दिला. यातला निम्मा वाटा काणींचा. त्यासाठी 1997 साली त्यांचा न्यास स्थापन झाला. लाभ वाटून घेण्याचं उदाहरण म्हणून हा करार जगभर गाजला. जमातीतल्या काही प्लाथींचा, म्हणजे वैद्यांचा, मात्र हे ज्ञान खासगी कंपनीला विकायलाच विरोध होता. शिवाय औषधासाठी पानं तोडण्यावर वनखात्याने हरकत घेतल्याने कच्चा मालही अडला.

करार निघाला एका झाडापुरता. लक्ष्मीकुट्टी अम्मांना येतं ते एका झाडाचं नाही. कोणती मुळी कुठल्या दुखण्याला, कशात मिसळून, किती द्यायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. वनखात्याने या ज्ञानाचं पुस्तक करायचं ठरवलं होतं. ते जरूर व्हावं. पण पुस्तकावरून झाडं ओळखणारा वैद्य होत नाही. त्यासाठी पाड्यावरच्या तरुण पोरापोरींना हे शिकून पोट भरता यायला हवं आणि रानात जाण्याचा, पाला तोडण्याचा हक्क त्यांच्याकडे राहायला हवा.