ड्रमशिवायचा ठेका

डबल बेस हे माणसाहून उंच वाद्य. सिंफनीत ते गजानं वाजतं, जॅझमध्ये बोटांनी. रॉकबिलीचा वादक मात्र त्याची जाड तार ओढतो आणि सोडून देतो. ती खालच्या लाकडी पट्टीवर आपटते, ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि पाठोपाठ पंज्याची थाप पडून दुसरा. खर्जाचा स्वर आणि ठोका, दोन्ही त्यातूनच निघतात. तबला आणि डग्गा जी कामं वाटून घेतात, ती इथं एका वाद्यावर एकच हात करतो. एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या तबकडीवर ड्रम नाहीत, हे मुद्दाम सांगितल्याशिवाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते यामुळेच.

रॉकबिली हा रॉक अँड रोलच्या उगमाजवळचा प्रवाह. त्याचा भर जेमतेम चार-पाच वर्षांचा, साधारण १९५४ ते १९५८. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांचा ब्लूज आणि गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचं कंट्री संगीत त्यात एकत्र आलं. त्याच सुमारास आपल्याकडे सी. रामचंद्रांनी ‘आशा’ (१९५७) या चित्रपटात ‘ईना मीना डीका’ दिलं. त्या गाण्यामागे मुंबईच्या स्टुडिओतला भरगच्च वाद्यवृंद आहे. रॉकबिलीला तीन माणसं पुरतात: साधी गिटार घेऊन गाणारा एक, विजेची गिटार वाजवणारा एक आणि डबल बेसवाला एक. या तुटपुंज्या साधनांतून तिचा बाज घडला. तो सत्तर वर्षं टिकला कसा, हे समजून घ्यायचं तर तिच्यावर कोणाकोणाचं ऋण आहे, ते आधी पाहावं लागतं.

मेम्फिसची एक खोली

टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात ७०६, युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर सॅम फिलिप्सनं जानेवारी १९५० मध्ये ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय सुरू केला. तो मूळचा अलाबामाचा, रेडिओवर तंत्रज्ञ म्हणून काम केलेला. लग्नं, अंत्यविधी, भाषणं, जे मिळेल ते तो ध्वनिमुद्रित करून द्यायचा. पण त्याची खरी ओढ ब्लूजकडे होती. बी. बी. किंग आणि हाउलिन वुल्फ हे कृष्णवर्णीय कलावंत कीर्ती मिळण्याआधीच त्याच्या खोलीत गायले. १९५२ मध्ये त्यानं ‘सन रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली.

पैसे देऊन कोणीही तिथं स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित करून घेऊ शकत असे. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिस तसाच आला. फिलिप्सची सहकारी मॅरियन कीस्कर हिनं या मुलाचं नाव लक्षात ठेवलं. पुढच्या वर्षी फिलिप्सनं त्याला स्कॉटी मूर हा गिटारवादक आणि बिल ब्लॅक हा बेसवादक यांच्यासोबत बोलावलं. ५ जुलै १९५४ ची ती रात्र. तेव्हा एकोणीस वर्षांचा एल्व्हिस विजेची कामं करणाऱ्या एका कंपनीत ट्रक चालवत होता. संथ भावगीतांचे प्रयत्न जमेनात. मधल्या विश्रांतीत त्यानं सहज आर्थर ‘बिग बॉय’ क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ उचललं, ब्लॅकनं बेसवर थापा सुरू केल्या, मूर त्यात शिरला. फिलिप्सनं बाहेर येऊन विचारलं, हे काय चाललंय? आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं.

क्रुडप हा मिसिसिपीचा कृष्णवर्णीय ब्लूज गायक. हे गाणं त्यानं १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी काही दिवसांनी निवडलं गेलं ते ‘ब्लू मून ऑफ केंटकी’. ते बिल मन्रोचं, म्हणजे ब्लूग्रास संगीताच्या गोऱ्या जनकाचं. मन्रोनं ते तीन-तीन मात्रांच्या झोक्यात गायलं होतं. या तिघांनी ते चार मात्रांत आणून सरळ पळवलं. १९ जुलैला तबकडी बाजारात आली. एका बाजूला ब्लूज, दुसऱ्या बाजूला ब्लूग्रास.

तो काळ ध्यानात घ्यायला हवा. शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १७ मे १९५४ रोजी, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांपूर्वी दिला होता. मेम्फिसचा निवेदक ड्यूई फिलिप्स यानं गाणं रेडिओवर पुन्हा पुन्हा लावलं, तेव्हा अनेकांना वाटलं की गायक कृष्णवर्णीय आहे. ड्यूईनं एल्व्हिसला बोलावून घेतलं आणि विचारलं, तू कोणत्या शाळेत शिकलास? ‘ह्यूम्स’ हे उत्तर ऐकताच श्रोत्यांना त्याचा वर्ण कळला. शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या, त्यामुळे शाळेचं नाव पुरलं.

टेपमधला प्रतिध्वनी

त्या तबकडीचा नाद तिघांच्या वाजवण्याइतकाच फिलिप्सच्या यंत्रांतून आला. त्याच्याकडे ॲम्पेक्स कंपनीची दोन टेपयंत्रं होती. टेपयंत्रात आवाज नोंदवणारं हेड आणि तो परत ऐकवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. टेपला ते कापायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो. फिलिप्स मूळ आवाज दुसऱ्या यंत्रातून असा फिरवून आणायचा आणि पहिल्यात मिसळायचा. प्रत्येक सुराच्या आणि थापेच्या मागून तिची सावली येते. याला ‘स्लॅपबॅक’ म्हणतात. त्यामुळे तीन वाद्यांची पोकळी भरून निघते आणि तरीही प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं.

गिटारची घडण अशीच मुळापासून पाहावी. स्कॉटी मूरच्या वादनात अंगठा खालच्या तारांवर एकसारखा ठेका धरतो आणि बोटं वरच्या तारांवर धून काढतात. हे तंत्र त्यानं मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स यांच्या तबकड्यांवरून उचललं. ट्रॅव्हिस पश्चिम केंटकीचा. त्याला ते मोझ रेगरसारख्या, कोळशाच्या खाणींच्या मुलखातल्या वादकांकडून मिळालं. रेगरनं ते केनेडी जोन्सकडून घेतलं आणि जोन्सच्या मागे उभा होता आर्नल्ड शुल्ट्झ, केंटकीच्या ओहायो परगण्यातला एक कृष्णवर्णीय मजूर आणि वादक. त्याच परगण्यातल्या रोझीन गावचा बिल मन्रो लहानपणी शुल्ट्झबरोबर नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवायचा, आणि आपल्या संगीतातला ब्लूज त्याच्याकडून आला हे त्यानं जन्मभर मानलं.

म्हणजे त्या तबकडीची जी बाजू ‘गोरी’ म्हणायची, तिच्या मुळाशीही एक कृष्णवर्णीय माणूस आहे. बेसची थापही मेम्फिसची नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर या जॅझवादकांनी ती कित्येक दशकं आधी रूढ केली होती. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. क्रुडप १९७४ पर्यंत जगला, पण आपल्या गाण्यांच्या हक्काच्या पैशांचा मोठा वाटा त्याला हयातीत मिळाला नाही.

कापसाच्या शेतातून रंगमंचावर

एल्व्हिसची तबकडी ऐकून मेम्फिसकडे धाव घेणाऱ्यांत कार्ल पर्किन्स होता. टेनेसीतल्या टिप्टनव्हिल भागात वाट्यानं शेती करणाऱ्या कुटुंबात तो १९३२ मध्ये जन्मला. लहानपणी कापूस वेचताना त्याला गिटार शिकवली ती शेजारच्या ओळीत राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक या वयस्क कृष्णवर्णीय मजुरानं. पर्किन्सचं ‘ब्लू स्वेड शूज’ १ जानेवारी १९५६ रोजी आलं आणि पॉप, कंट्री व ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वर चढलं. एल्व्हिसचा करार तोवर आरसीए कंपनीकडे गेला होता, ३५,००० डॉलरना. आता पर्किन्सची पाळी होती. २२ मार्चला दूरचित्रवाणीच्या मोठ्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअरमध्ये त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. तो मागे पडला आणि ते गाणं लोकांच्या स्मरणात एल्व्हिसच्या आवाजात रुजलं. पुढे बीटल्सनी त्याची तीन गाणी ध्वनिमुद्रित केली.

लुइझियानाच्या फेरिडे गावचा जेरी ली लुईस पियानो तुडवत आला. १९५७ मध्ये गाजलेलं त्याचं ‘होल लॉटा शेकिन गोइंग ऑन’ दोन वर्षं आधी बिग मेबेल या कृष्णवर्णीय गायिकेनं गायलं होतं. जॉनी बर्नेटच्या त्रिकुटानं १९५६ मध्ये वाजवलेलं ‘द ट्रेन केप्ट अ-रोलिन’ मूळ टायनी ब्रॅडशॉचं. गिटारचा फाटका, खरखरीत आवाज त्यात ऐकू येतो, आणि पुढचं कठोर रॉक त्याच वाटेनं गेलं.

ओक्लाहोमाची वांडा जॅक्सन या पुरुषी मांडवात चढ्या, खरडल्यासारख्या आवाजात गाऊ लागली. कंट्री गायिकेकडून शालीनतेची अपेक्षा असण्याचे ते दिवस. तिचे झालरींचे, घट्ट पोशाख तिची आई शिवायची. १९५७ मध्ये तिनं ध्वनिमुद्रित केलेलं ‘फुजियामा मामा’ अमेरिकेत चाललं नाही, पण जपानमध्ये इतकं गाजलं की १९५९ मध्ये तिनं तिथं दौरा केला. या गाण्यात हिरोशिमा-नागासाकीचे उल्लेख आहेत, हे विशेष. तेही आधी ॲनिस्टीन ॲलन या कृष्णवर्णीय गायिकेनं गायलेलं.

मग एकामागून एक दिवे मालवत गेले. १९५८ मध्ये एल्व्हिस सैन्यात गेला. नात्यातल्या तेरा वर्षांच्या मुलीशी लग्न केल्याचं ब्रिटनच्या दौऱ्यात उघड झालं आणि लुईसला गाशा गुंडाळावा लागला. फेब्रुवारी १९५९ मध्ये याच प्रवाहातला गायक बडी हॉली विमान अपघातात गेला. एप्रिल १९६० मध्ये गायक एडी कॉक्रन इंग्लंडमधल्या मोटार अपघातात वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला. त्याच गाडीतला त्याचा साथी गायक जीन व्हिन्सेंट जखमी झाला. नॅशव्हिलमधल्या कंट्री संगीताच्या कंपन्या व्हायोलिनच्या ताफ्यांकडे वळल्या. शेकडो कलावंतांच्या तबकड्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या, आपापल्या जिल्ह्यापुरत्या विकलेल्या. त्या अडगळीत गेल्या.

युरोपनं जपलेला ठेवा

त्या शोधून काढल्या युरोपातल्या चाहत्यांनी. जर्मनीत रिचर्ड वाइट्झेनं १९७५ मध्ये ‘बेअर फॅमिली’ ही कंपनी काढली आणि तपशीलवार पुस्तिकांसह जुन्या कलावंतांचे समग्र संच छापले. ब्रिटनच्या ‘चार्ली रेकॉर्ड्स’नं सनचा साठा पुन्हा बाजारात आणला. मे १९७६ मध्ये ‘टेडी बॉइज’ म्हणवणारे रॉक अँड रोलचे हजारो चाहते लंडनच्या रस्त्यांतून बीबीसीवर मोर्चा घेऊन गेले. मागणी एकच: रेडिओवर खरं रॉक अँड रोल लावा. तसा कार्यक्रम सुरूही झाला. १९७७ मध्ये चार्ली फेदर्स आणि वॉरन स्मिथ हे मायदेशी विस्मृतीत गेलेले सनचे कलावंत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये भरल्या सभागृहापुढे गायले.

या निष्ठेला एक काळी किनारही होती. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा ब्रिटनमधल्या अनेक चाहत्यांनी आणि बँडनी बंडखोरीची खूण म्हणून मिरवला. ज्या संगीतात क्रुडप आणि वेस्टब्रुक आहेत, त्यावर तो झेंडा लावणं म्हणजे ते संगीत न ऐकणं. केसांचा फुगा आणि जाकीट जपलं, पण मूळ विसरलं, तर पुनरुज्जीवन असं भरकटतं.

नीट ऐकणाऱ्यांनी मात्र त्यात भर घातली. न्यूयॉर्कजवळच्या मासापीक्वा गावचे ब्रायन सेट्झर, ली रॉकर आणि स्लिम जिम फँटम हे ‘स्ट्रे कॅट्स’ १९८० मध्ये लंडनला गेले, कारण त्यांचे श्रोते तिथं होते. फँटम मोजके ड्रम मांडून उभ्यानं वाजवायचा. रॉकरचा बेस मूळ पद्धतीनं थापा मारायचा. सेट्झरनं त्यावर जॅझचे स्वरसमूह आणले. १९८२ मध्ये त्यांचा ‘बिल्ट फॉर स्पीड’ हा अल्बम अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेला तिचंच संगीत समुद्रापलीकडून परत आलं.

आज रॉकबिलीचा पसारा मोठा आहे. लास व्हेगासला १९९८ पासून ‘व्हिवा लास व्हेगास’ हा मेळा भरतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी हे संगीत आपलं मानलं आहे. ‘बिग सँडी अँड हिज फ्लाय-राइट बॉइज’ हा बँड तिथलाच. टोकियोच्या योयोगी उद्यानात रविवारी रॉकबिलीवर नाचणारे जमतात. डब्लिनच्या इमेल्डा मेनं ‘लव्ह टॅटू’ (२००८) या अल्बममधून त्याला आयरिश रंग दिला. लंडनची ‘किटी, डेझी अँड लुईस’ ही तीन भावंडं वाद्यं आपसात बदलत वाजवतात आणि जुन्या यंत्रांवर टेपवर ध्वनिमुद्रण करतात. ओक्लाहोमाचा जेडी मॅकफर्सन आधी चित्रकलेचा शिक्षक होता. शिकागोच्या जिमी सटननं आपल्या स्टुडिओत त्याचा ‘साइन्स अँड सिग्निफायर्स’ (२०१०) हा अल्बम टेपवर घेतला. त्यात गोऱ्या रॉकबिलीइतकंच न्यू ऑर्लिन्सचं ऱ्हिदम अँड ब्लूज आहे.

या नव्यांपैकी जे टिकतील, ते वेशामुळे टिकणार नाहीत. एका खोलीत, एकमेकांकडे पाहत, थोड्या वाद्यांत वाजवण्याची शिस्त ज्यांनी घेतली आणि ती कुठून आली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडे नवं सांगण्याजोगं आहे. आपल्या संगीतपरंपरेत कलावंताआधी त्याच्या गुरूचं नाव घेण्याची रीत परिचित आहे. रॉकबिलीला ती रीत लावली, तर तिचा इतिहास निराळाच दिसतो.

म्हणून नव्यानं ऐकणाऱ्यानं क्रम असा धरावा. आधी क्रुडपचं आणि मन्रोचं मूळ गाणं, मग एल्व्हिसची तबकडी. त्यानंतर पर्किन्स, बर्नेटचं त्रिकूट, वांडा जॅक्सन. मग स्ट्रे कॅट्स आणि मॅकफर्सन. या क्रमात आर्नल्ड शुल्ट्झ कुठेच येत नाही, कारण त्याचं एकही ध्वनिमुद्रण झालं नाही. पण मर्ल ट्रॅव्हिस वाजवू लागला की धून सोडून अंगठ्याकडे कान द्यावा. शुल्ट्झचा हात ऐकायला मिळतो तो तिथेच.