आधी पडायला शिका!

“काकू, मला त्याला आपटताच आलं नाही हो!”

ज्युडो क्लासच्या पायरीवर बसून ती हमसाहमशी रडत होती. नववीतली मुलगी. खरं नाव नको, आपण तिला चिमणी म्हणू या. ट्यूशनहून सायकलवर घरी येताना एका टवाळ पोराने मोटरसायकल मागे लावली आणि तिच्या सायकलचं कॅरिअर ओढलं. सायकलसकट ती डांबरी रस्त्यावर आडवी झाली. उठली, सायकल तिथेच टाकली आणि ओरडत समोरच्या पिठाच्या गिरणीत शिरली. गिरणीतली माणसं बाहेर आली तसा तो पळाला. घडलं ते एवढंच.

“तीन वर्षं शिकतेय मी. ओ-गोशी माझ्याइतकी चांगली कुणालाच येत नाही, तुम्हीच म्हणता ना? आणि खरी वेळ आली तेव्हा मी पळून गेले!”

ओ-गोशी म्हणजे समोरच्याला कमरेवर उचलून उलटं टाकायचा डाव. मी तिचं खरचटलेलं कोपर धुतलं, मलम लावलं. काय बोलावं सुचेना. मला आठवत होतं ते गॅदरिंग. दरवर्षी शाळेच्या स्टेजवर आमच्या मुली धिप्पाड मुलांना धडाधड आपटतात, टाळ्या पडतात आणि मी माइकवरून सांगते, “आता आमच्या मुलींकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची हिंमत होणार नाही!” वाक्य माझंच. मुलींनी ते खरं मानलं, तर चूक कुणाची?

मी स्वतः मात्र ज्युडोत असलं काही मनात धरून आले नव्हते. आले नव्हतेच, नुसती बसले होते! 2009 सालची गोष्ट. लेक पाचवीत. आमच्या तालुक्याच्या गावात एका शाळेचे पी.टी.चे सर संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ज्युडो शिकवायचे. काथ्याच्या गाद्या, वर ताणून बांधलेली ताडपत्री. लग्नाची तिथी असली की क्लासला सुट्टी! लेकीला सोडायचं आणि तासभर पायरीवर मेथी निवडत बसायचं, हा माझा कार्यक्रम. एक दिवस सर म्हणाले, “वहिनी, मेथी घरी निवडा. इथे या.” मी छत्तीस वर्षांची, दोन बाळंतपणं झालेली. हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेसची ओढणी खुंटीला अडकवली आणि गादीवर उतरले. का, ते आजही सांगता येत नाही.

वाटलं होतं, पहिल्याच दिवशी कुणाला तरी उचलून टाकायला शिकवतील. कसलं काय! पहिले तीन आठवडे फक्त पडणं. जपानीत त्याला उकेमी म्हणतात. मागे पडा, डावीकडे पडा, उजवीकडे पडा, कोलांटी घेऊन पडा. हनुवटी छातीशी, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. टेकताना श्वास बाहेर. आणि पूर्ण हात, तळव्यापासून खांद्यापर्यंत, अंगापासून थोडा दूर, गादीवर सपाट आपटायचा. धक्का एका जागी न बसता पसरतो. हात पुढे करून पडणं अडवायचं मात्र नाही. आपण सगळ्या नेमकं तेच करतो, आणि मनगट किंवा गळपट्टीचं हाड मोडून घेतो.

ऐकायला सोपं आहे. पण मला पहिले आठ दिवस मागे पडताच आलं नाही. उकिडवी बसून नुसतं मागे लवंडायचं, तर मान ताठ, हात मागे टेकलेले. आठवून बघा, लहानपणापासून आपल्याला काय सांगितलेलं असतं? हळू चाल, धावू नकोस, पडशील. गावात तालीम होती, पण त्या लाल मातीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही. भाऊ लंगोट घेऊन जायचे, मी उंबऱ्यातून परत. म्हणजे पडायचं कसं हे शिकायला मला छत्तीसावं वर्ष उजाडावं लागलं!

घरी सासूबाईंचा पारा चढलेला. “या वयात कोलांट्या? लोक काय म्हणतील?” लोक म्हणायचे ते म्हणालेच. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला मी पाचवी-सहावीच्या पोरांच्या रांगेत उभी राहिले आणि नापास झाले. लेक पास! तिने आठवीत क्लास सोडला, मी चिकटून राहिले. 2015 मध्ये सरांची बदली झाली तेव्हा छोट्यांची बॅच त्यांनी माझ्यावर सोपवली. ब्लॅक बेल्ट मिळाला 2018 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी. पोरं अजून ‘मॅडम’ म्हणत नाहीत, काकूच म्हणतात. मला तेच आवडतं.

सासूबाईंचं राहिलंच. 2016 मध्ये त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडल्या पडल्या एक दिवस मला म्हणतात, “मलाही शिकवायचं होतंस की गं!” दोघीही हसलो. (सत्तरी गाठलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. दोन्ही अर्थांनी!)

बाईने शिकावं की नाही, हा प्रश्न ज्युडोच्या माहेरी, जपानातही होताच. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळाच्या आवारात बारा चटयांवर ज्युडो सुरू केला. त्यांच्या कोडोकान संस्थेत बायकांचा वेगळा विभाग निघाला तो 1926 मध्ये. केइको फुकुदा नावाची मुलगी तिथे 1935 मध्ये दाखल झाली. उंची पाच फूटही नाही. तिच्या आजोबांनी कानोंना जुजुत्सू शिकवलं होतं. घरच्यांची अपेक्षा, पोरगी चार दिवस शिकेल आणि एखाद्या ज्युडोवाल्याशी लग्न करेल. तिने लग्न केलं नाही, ज्युडो केला. पण बाईला पाचव्या डानच्या वर श्रेणी द्यायची नाही, असा कोडोकानचा नियम! फुकुदा पाचव्यावरच अडकल्या. त्या नियमाविरुद्ध लोकांनी पत्रं लिहिली, तेव्हा कुठे 1972 मध्ये त्यांना सहावा डान मिळाला. पुढे त्या सॅन फ्रान्सिस्कोत राहून शिकवत राहिल्या. 2011 मध्ये अमेरिकेच्या ज्युडो संघटनेने त्यांना सर्वोच्च दहावा डान दिला तेव्हा त्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या. 2013 मध्ये त्या गेल्या. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा ज्युडो 1964 पासून, बायकांना पदकं मात्र 1992 पासून. आपल्याकडच्या मणिपूरच्या सुशीला देवीने 2014 आणि 2022 अशा दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक मिळवलं, ते मी पोरींना हटकून सांगते.

तर चिमणी. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, “मॅडम, तीन वर्षं फी भरली. उपयोग काय झाला?” पण ते वरवरचं होतं. खरं कारण चहाचा कप खाली ठेवल्यावर बाहेर आलं. गिरणीत चार माणसांनी बघितलं, आता गावात चर्चा होणार. पोरीला घरीच बसवलेली बरी!

मी चिमणीला आतून बोलावलं. “पडलीस तेव्हा हात टेकलास?”

तिने आठवून बघितलं. “नाही.”

“डोकं?”

“नाही. हनुवटी आपोआप आत गेली.”

वडिलांच्या उजव्या मनगटावर ऑपरेशनची खूण आहे. पावसात स्कूटर घसरली तेव्हा हात टेकला होता. ते त्या खुणेकडे बघत बसले. मी म्हटलं, “भाऊ, ती पडली, तिला मोठं काही लागलं नाही, ती लगेच उठली आणि ओरडून माणसं गोळा केली. मोटरसायकलवरच्या पोराशी भर रस्त्यात झटापट करायला मी तिला सांगितलंच नसतं. चूक माझी. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.” मग तिच्याकडे वळून म्हटलं, “आपटायचं कधी, माहितीये? पळायची वाट बंद असेल तेव्हा. तेसुद्धा वाट मोकळी करण्यापुरतं.”

आई दाराशी उभी होती. एवढा वेळ गप्प. हळूच म्हणाली, “ओरडली नसती तर कुणी आलं असतं का हो?” वडील काहीच बोलले नाहीत. गिरणीवाल्यांनी त्या मुलाला ओळखलं होतं, तरी पोलिसांत तक्रार करायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. ते मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण तीन आठवड्यांनी चिमणी क्लासला आली. वडील सोडायला येतात आणि माझ्या त्या जुन्या पायरीवर पेपर वाचत बसतात. दहावीच्या वर्षी क्लास बंद, असं आत्ताच बजावून ठेवलंय. बघू!

यंदाच्या गॅदरिंगला मी माइकवरचं ते वाक्य गाळलं. सुरुवातीची दहा मिनिटं मुली फक्त पडल्या. मागे, बाजूला, कोलांटी घेऊन, मग उठून “वाचवा” म्हणून पोटातून ओरडत स्टेजच्या दुसऱ्या टोकाला पळाल्या. प्रेक्षकांत हशा झाला, पाहुणे घड्याळ बघायला लागले. टाळ्या पूर्वीच्या निम्म्याही नाहीत. आमच्याच एका पालकांनी नंतर ऐकवलं, “काकू, या वर्षी मजा नाही आली!”

आता छोट्यांना पडायला शिकवायचं काम मी चिमणीकडे दिलंय. परवा एका दुसरीतल्या पिटुकलीने तिला विचारलं, “ताई, गादी नसली तर लागतं का गं?”

चिमणीने बाही वर करून कोपरावरचा डाग दाखवला. “लागतं ना,” ती म्हणाली. “हे बघ, एवढं. चल, हनुवटी आत घे.”